केळीत पैसे टाकण्याआधी कॅलेंडर उघडा



केळीवरचा व्हिडिओ टाकल्यापासून दुकानात आणि फोनवर मला एकच प्रश्न येतोय. "ताई, आपल्या संभाजीनगरच्या हवेत केळी येते का? आणि येत असेल तर धंदा म्हणून उतरू का?" व्हिडिओत सगळं मावलं नाही. हिशोब तर अजिबातच मावला नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते. चहा घेऊन बसा, वही-पेन जवळ ठेवा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. येते. अजिंठ्याचा घाट उतरून जळगावकडे गेलात तर रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यात मैलोन् मैल केळीच आहे. जळगाव केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या मराठवाड्यात नांदेडजवळचं अर्धापूर केळीसाठीच ओळखलं जातं. सोलापूर जिल्ह्यात करमाळा-टेंभुर्णी भागातून केळी आखाती देशांत जाते. या तिन्ही ठिकाणची हवा काही कोकणासारखी दमट नाही. उन्हाळ्यात अंग भाजतं, डिसेंबरात दात वाजतात. तरी केळी येते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही. झाड येणं वेगळं, भरलेला घड येणं वेगळं आणि त्या घडाचे पैसे होणं आणखी वेगळं. या तीन पायऱ्यांच्या मध्ये नवीन माणूस नेमका कुठे पडतो, ते आज बघू.

आधी झाड समजून घ्या

केळीला आपण झाड म्हणतो, पण ते झाड नाही. ते एक प्रचंड मोठं गवतासारखं रोप आहे. जे खोड दिसतं ते पानांच्या देठांची घट्ट गुंडाळी असते. खरं खोड म्हणजे जमिनीखालचा कंद. लागवडीनंतर कंद एकामागून एक पानं वर ढकलत राहतो. साधारण तीसेक पानं झाली की आतल्या आत फुलाचा दांडा तयार होतो, खोडाच्या पोकळीतून वर चढतो आणि शेंड्यातून बाहेर येतो. यालाच आपण 'केळी निसवली' म्हणतो. मग केळफूल उघडत जातं, फण्या सुटतात, घड भरतो. एका खोडाला आयुष्यात एकच घड. पुढचं पीक बाजूला आलेल्या मुनव्यांवर, म्हणजे पिलांवर.

आता धंद्याच्या दृष्टीने दोन गोष्टी वहीत लिहा.

एक, घडाला फण्या किती लागणार हे निसवायच्या आधीच, आत दांडा तयार होताना ठरतं. बाहेर घड दिसल्यावर कितीही खत ओता, फण्या वाढत नाहीत.

दोन, निसवल्यावर नवीन पान येत नाही. त्या वेळी झाडावर जी आठ-दहा चांगली पानं असतील, त्यांच्याच जोरावर अख्खा घड भरायचा असतो. पानं फाटली, करपली, तर घड बारीक.

म्हणजे निसवण्याच्या आधीचा महिना-दीड महिना आणि नंतरचे तीन-चार महिने हा या पिकाचा नाजूक काळ. बाकीच्या काळात झाड बरंच सोसतं. या काळात सोसत नाही.

आपल्या हवेत कमी काय आहे?

नकाशावर बघाल तर आपण कर्कवृत्ताच्या खाली आहोत. म्हणजे भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे आपण उष्ण कटिबंधातच येतो. पण केळीचं मूळ घर आग्नेय आशिया आणि न्यू गिनीकडचं. तिथे वर्षभर सारखी उबदार, दमट हवा. केळीला साधारण २० ते ३५ अंश तापमान मानवतं. १५-१६ च्या खाली वाढ मंदावते. १० च्या आसपास जवळजवळ थांबते. ४० च्या वर पानं भाजायला लागतात.

आता आपलं वर्ष बघा. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रात्री थंड. काही पहाटा १० च्या खाली. एप्रिल-मे मध्ये दुपारी ४० च्या वर, शिवाय कोरडा वारा. मे-जूनमध्ये वादळ. म्हणजे केळीला आवडणारे महिने मोजकेच, आणि न आवडणारे महिने दोन टोकांना.

थंडीत नेमकं काय होतं? उन्हाळ्या-पावसाळ्यात आठवडा-दहा दिवसांत एक पान काढणारं झाड त्याच एका पानाला तीन आठवडे घेतं. पानं एकमेकांत दाटून शेंडा आखडतो. त्यात निसवायची वेळ आली तर घड पूर्ण बाहेर येत नाही, शेंड्यातच अडकतो. बाहेर आलाच तर केळी बारीक, वाकडी, आणि भरायला जास्तीचा दीड-दोन महिना. खान्देशातले शेतकरी थंडीच्या या माराला 'चरका' म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या थंडीच्या भागातल्या बागायतदारांनी तर अशा मालाला स्वतंत्र नावच दिलंय, 'नोव्हेंबर डंप'. त्यांच्याकडे ऋतू उलटे. हिवाळ्यात आत दांडा तयार झालेले घड वसंतात, म्हणजे त्यांच्या नोव्हेंबरच्या सुमाराला बाहेर येतात आणि फेकायच्या लायकीचे निघतात. जागा वेगळी, दुखणं एकच.

धोका कशाचा आहे हे ओळखायची एक सोपी युक्ती सांगते. विमा कशाचा निघतो ते बघा. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत केळीसाठी कमी तापमान, जास्त तापमान आणि वेगाचा वारा हे धोके धरलेले असतात. म्हणजे हवामान हाच या धंद्यातला मोठा धोका आहे, हे सरकारनंच लिहून दिलंय. बाग धरायचीच असेल तर ही योजना आणि तिची शेवटची तारीख कृषी कार्यालयात जाऊन आधी विचारा.

जगात लोकांनी काय केलं?

आपण एकटेच नाही. आज आपण जी केळी खातो ती बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन ही सगळी 'कॅव्हेंडिश' कुटुंबातली. हे नाव कुठून आलं? इंग्लंडमधल्या एका ड्यूकच्या आडनावावरून. १८३० च्या दशकात त्याच्या चॅट्सवर्थच्या वाड्यात, जोसेफ पॅक्स्टन नावाच्या माळ्याने काचेच्या गरम घरात ही केळी वाढवली आणि तिला फळ आणलं. बाहेर बर्फ, आत केळीचा घड! पण ते ड्यूकला परवडत होतं. त्याला ती बाजारात विकायची नव्हती.

धंदा म्हणून करणाऱ्यांनी काय केलं तेही बघा. तुर्कस्तानात अनामूरच्या किनाऱ्यावर केळी प्लॅस्टिकच्या शेडमध्ये घेतात, कारण तिथे ऊब कमी पडते. इस्राएलमध्ये बागांवर जाळी ताणतात, कारण तिथे पाणी महाग आणि ऊन-वारा कडक. स्पेनच्या कॅनरी बेटांवर वाऱ्याला अडवायला भिंती घालतात.

आणि जळगाव? तापीच्या खोऱ्यातली काळी जमीन आणि पाणी होतंच. सावदा-रावेरसारख्या स्टेशनांवरून उत्तर भारतात माल पाठवायला रेल्वे होती. १९९० च्या दशकात जैन इरिगेशनने ठिबक आणि ग्रँड नैनची टिश्यू कल्चर रोपं शेतकऱ्यांपर्यंत नेली. गंमत म्हणजे 'ग्रँड नैन' या फ्रेंच नावाचा अर्थ 'मोठा बुटका'. बुटकं असल्यामुळे वाऱ्यात कमी पडतं, आणि घड मोठा देतं.

यातून उद्योजकाने काय शिकायचं? तुमच्या हवेत जे कमी आहे, ते तुम्हाला कुठून तरी विकत आणावं लागतं. ऊब कमी असेल तर शेड, पाणी कमी असेल तर तळं आणि ठिबक, वारा जास्त असेल तर आडोसा. प्रत्येकाला पैसे पडतात. फक्त एक गोष्ट अशी आहे जिला एक रुपयाही लागत नाही. ती म्हणजे लागवडीची तारीख. जळगावच्या शेतकऱ्यांनी तारखेचं गणित पिढ्यान् पिढ्या बसवलंय. आपण तिथलं रोप आणतो, खताचं वेळापत्रक आणतो, आणि तारीख मात्र आपल्या सोयीची धरतो.

तीन तारखा, तीन नशिबं

परवा एका प्रेक्षकाचा फोन होता. गंगापूर तालुक्यातला मुलगा, बी.कॉम. झालेला, वडिलांची दीड एकर जमीन. नर्सरीवाला त्याला म्हणाला, मार्चमध्ये लावा, शिल्लक रोपं आहेत, स्वस्तात देतो. आईचे दागिने ठेवून पैसे उभे करायचे चालले होते. त्याला जे फोनवर सांगितलं तेच इथे लिहिते.

टिश्यू कल्चरचं रोप चांगल्या हवेत साधारण सात-आठ महिन्यांत निसवतं आणि त्यापुढे तीन-चार महिन्यांत घड काढणीला येतो. हे दोन आकडे धरा आणि कॅलेंडरवर बोट ठेवत चला.

मार्चची लागवड. कोवळं रोप एप्रिल-मेच्या उन्हात. पाणी आणि सावली दिली तर जगेल. पावसाळ्यात झपाट्याने वाढेल, बघून मन भरून येईल. आणि निसवेल कधी? ऑक्टोबर-नोव्हेंबर. म्हणजे घड भरायचे सगळे महिने थंडीत. उशिरा निसवलेली झाडं तर शेंड्यातच अडकणार. रोपामागे चार रुपये वाचवून घडामागे शंभर घालवायचा हा सौदा आहे.

मृगबाग, म्हणजे जून-जुलैची लागवड. पावसावर रोप छान बसतं, पाण्याचा सुरुवातीचा खर्च वाचतो. थंडीपर्यंत झाड मोठं झालेलं असतं. पण आत दांडा तयार व्हायची वेळ डिसेंबर-जानेवारीच्या आसपास येते. निसवण फेब्रुवारी-मार्च, कधी एप्रिल. घड भरतो तो भर उन्हाळ्यात. म्हणजे सगळ्यात जास्त पाणी नेमकं एप्रिल-मेमध्ये लागणार. ज्याच्याकडे मेच्या शेवटापर्यंत पाणी खात्रीचं आहे, त्यानेच ही वाट धरावी. आडोसा नसेल तर मे-जूनच्या वादळात भरलेले घड आडवे होतात, हेही लक्षात ठेवा.

कांदेबाग, म्हणजे सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीची लागवड. रोप लहान असताना थंडीत सापडतं, हळू वाढतं. बघताना वाटतं, फसलो. पण या वयात थंडीने फक्त उशीर होतो, घड बिघडत नाही. फेब्रुवारीनंतर झाड वेग घेतं. उन्हाळ्यात पाणी लागतंच, पण तेव्हा झाडावर घड नसतो. निसवण जून ते ऑगस्ट, म्हणजे पाऊस आणि ऊब दोन्ही. काढणी सप्टेंबरच्या शेवटापासून पुढे. नवरात्र आणि दिवाळीचा बाजार समोर. मात्र दिवाळीच्या पलीकडे रेंगाळू नका. लागवड नोव्हेंबरअखेर गेली की शेवटचे घड पुन्हा थंडीत सापडतात.

त्यामुळे संभाजीनगर परिसरात पहिल्यांदाच उतरणाऱ्याला मी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्याकडे बघायला सांगते. तुमच्या गावात दोन-चार अंशांचा फरक असू शकतो. नदीकाठच्या खोलगट जमिनीत थंडी साचते, तिथे पहाट जास्त गार असते. म्हणून कृषी सहायकाला विचारा. जळगावला राहुरी विद्यापीठाचं आणि नांदेडला परभणी विद्यापीठाचं केळी संशोधन केंद्र आहे. तिथे एक चक्कर मारा. नर्सरीवाल्याचा सल्ला ऐका, पण त्याला रोप विकायचंय हे विसरू नका.

आता हिशोब

मी दुकानदार आहे, त्यामुळे आकडे आल्याशिवाय मला झोप लागत नाही. खालचे दर फक्त उदाहरणासाठी धरलेत. तुमच्या बाजारातले दर टाकून हाच हिशोब पुन्हा करा.

५ बाय ५ फुटांवर लागवड धरली तर एकराच्या ४३,५६० चौरस फुटांत १,७४२ झाडं बसतात. समजा रोप, खत, ठिबक, मजुरी, फवारणी सगळं मिळून झाडामागे १०० रुपये खर्च आला. खर्च झाला १,७४,२०० रुपये. दहा टक्के झाडं गेली असं धरा. उरले १,५६८ घड.

चांगली तारीख: घड सरासरी २० किलो, भाव समजा १२ रुपये. ३१,३६० किलो माल, ३,७६,३२० रुपये. खर्च वजा जाता हातात २,०२,१२० रुपये.

वाईट तारीख: चरका बसला, घड सरासरी १४ किलो. केळी बारीक, म्हणून व्यापाऱ्याने भाव दिला ६ रुपये. २१,९५२ किलो, १,३१,७१२ रुपये. खर्च वजा जाता ४२,४८८ रुपयांचा तोटा. आणि हे पैसे व्याजाने आणले असतील तर तोटा आणखी मोठा.

जमीन तीच, रोप तेच, खत तेच. वर्षभराची मेहनतही तीच. फरक फक्त तारखेचा.

आता पाण्याचा हिशोब, कारण मराठवाड्यात तो पैशापेक्षा आधी करायचा असतो. भर उन्हाळ्यात मोठ्या झाडाला ठिबकने रोज साधारण २० लिटर पाणी लागतं. १,७४२ झाडं गुणिले २० म्हणजे ३४,८४० लिटर. रोज. पाच हजार लिटरचे सात टँकर! विकतच्या पाण्यावर ही बाग जगवायचा विचारच करू नका. ज्याची विहीर मेच्या दुसऱ्या आठवड्यात तळ दाखवते, त्याने एकराची केळी धरू नये. पैठण-गंगापूरकडे गोदावरीकाठची किंवा जायकवाडीच्या लाभक्षेत्रातली जमीन असेल, तर गोष्ट वेगळी.

एकर नसेल तर दहा झाडं

ज्यांच्याकडे प्लॉट आहे, घरामागे मोकळी जागा आहे, त्यांनी हे नक्की वाचा. दहा झाडांना उन्हाळ्यात रोज २०० लिटर पाणी लागेल. चार-पाच माणसांच्या घरात अंघोळीचं आणि भाजी धुतलेलं पाणी एवढं निघतंच. डिटर्जंटचं आणि फिनेलचं पाणी तेवढं वेगळं काढा.

जागा निवडताना दक्षिणेला किंवा पश्चिमेला उघडी, उत्तरेकडून भिंत असलेली निवडा. भिंत दिवसभर तापते आणि रात्री ऊब सोडते, वाराही अडवते. खड्डा दीड-दोन फुटांचा घ्या, शेणखत आणि निंबोळी पेंड भरा. आपल्याकडे खाली मुरूम आणि खडक लवकर लागतो. पाणी साचत असेल तर मुळं कुजतात, म्हणून आधी खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून ते किती वेळात मुरतं ते बघा.

खताची महाराष्ट्रात नेहमी दिली जाणारी शिफारस झाडाला २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद, २०० ग्रॅम पालाश अशी आहे. एकदम टाकू नका, महिन्या-महिन्याने वाटून द्या. पालाशकडे दुर्लक्ष करू नका, घड भरतो तो त्याच्यावर.

मुनवे सुटायला लागले की जमिनीबरोबर कापत राहा. सगळे वाढू दिले तर झुडूप होतं आणि घड हाती लागत नाही. पहिला घड लटकला की एकच तलवारीसारख्या अरुंद पानांचा, जोमदार मुनवा पुढच्या पिकासाठी ठेवा.

थंडीच्या रात्री विहिरीचं किंवा बोअरचं पाणी द्या. जमिनीतलं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन करा. घड असेल तर भोकं पाडलेली प्लॅस्टिकची पिशवी घाला. बागेत लोक पहाटे काडीकचरा पेटवून धूर करतात, पण वस्तीत ते करू नका. उन्हाळ्यात घडाच्या दांड्यावर वाळलेली पानं बांधा, नाहीतर ऊन लागून दांडा काळा पडतो. वाऱ्याच्या बाजूला शेवरी किंवा गजराज गवताची ओळ लावा. आणि जवळ काकडी, भोपळा, टरबूज लावू नका. त्यावरच्या माव्यातून कुकुंबर मोझॅक नावाचा विषाणू केळीवर येतो, आणि तो आला की झाड उपटून टाकण्याशिवाय उपाय नाही.

रोप घेताना टिश्यू कल्चरचं, प्रमाणित प्रयोगशाळेचं घ्या. केंद्र सरकारची टिश्यू कल्चर रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण पद्धत आहे, त्यात विषाणूची तपासणी होते. बिल मागा, लेबल जपून ठेवा. ओळखीतून फुकट मिळालेल्या मुनव्यासोबत सोंडकिडा आणि रोगही फुकट येतो.

पैसे फक्त केळ्यातच आहेत का?

इथे छोट्या उद्योजकाने डोकं चालवायचं. समजा तुम्ही ५० झाडं एकाच दिवशी लावली. टिश्यू कल्चरची रोपं एकसारखी वाढतात, त्यामुळे घडही जवळजवळ एकदम येणार. ५० गुणिले २० म्हणजे १,००० किलो केळी तीन-चार आठवड्यांत. एवढी तुम्ही गल्लीत विकू शकणार का? व्यापारी ५० घडांसाठी गाडी पाठवत नाही. जाधववाडीच्या मार्केट यार्डात नेलं तर भाव त्यांचा. म्हणून किरकोळ विकायचं असेल तर एकदम ५० लावू नका. सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत दर दहा दिवसांनी दहा-दहा लावा. माल थोडा थोडा निघेल.

आता शहराजवळच्या माणसाला जो फायदा आहे, तो जळगावच्या शेतकऱ्यालाही नाही. सत्यनारायणाच्या चौरंगाला केळीचे चार खांब लागतात. श्रावणात, गणपतीत, वास्तुशांतीला, लग्नाच्या मांडवाला खांब लागतात. जेवणाच्या पंगतीला, नैवेद्याला पानं लागतात. केळफुलाची भाजी करणारे त्याला शोधत फिरतात. आणि या तिन्ही गोष्टींना चरक्याची भीती घडापेक्षा खूप कमी! खांबाला गोड व्हायचं नसतं.

पण एक पथ्य पाळा. ज्या झाडाचा घड हवाय त्याची पानं विकू नका, पानं गेली की घड गेला. मुनवा खांबाएवढा वाढू दिला तर तो आईचंच खत-पाणी खातो. त्यामुळे पानांची आणि खांबांची ओळ वेगळी ठेवा. त्या ओळीला घड यावा अशी अपेक्षाच करू नका. केळफूल मात्र घडाच्या झाडाचंच घ्या. सगळ्या फण्या सुटल्या की ते कापायचंच असतं, घडाला त्याचा फायदाच होतो. आजूबाजूच्या दोन-तीन गुरुजींना, एखाद्या केटररला आणि पूजा साहित्याच्या दुकानाला आधी भेटा. महिन्याला किती लागतं ते विचारा, मग झाडं लावा.

तिसरा मार्ग रोपांचा. घरोघरी परसबागेसाठी रोप, खत, छोटी ठिबक आणि महिन्याचं वेळापत्रक असा संच विकता येतो. माझ्या दुकानात कुंड्या-ठिबक घेणारे लोक असं काहीतरी विचारतातच. पण लक्षात ठेवा, फळझाडांची रोपं तयार करून विकायची असतील तर महाराष्ट्रात १९६९ च्या फळरोपवाटिका कायद्याप्रमाणे कृषी विभागाचा परवाना लागतो. परवाना नसताना बोर्ड लावू नका.

चौथा मार्ग प्रक्रियेचा. जळगावचे केळी वेफर्स तुम्हाला माहीत आहेत. वसईत राजेळी केळी सुकवून सुकेळी करतात, ती केळ्यापेक्षा कितीतरी जास्त भावाने जाते. पण यासाठी स्वतःची बाग असण्याची गरज नाही. कच्चा माल जळगाव-नांदेडहून येतो. म्हणून वेफर्सचा धंदा करायचा असेल तर केळी लावण्यात वर्ष घालवू नका, अन्न परवान्याची नोंदणी आणि तेलाचा हिशोब आधी करा.

केळी पिकवून विकणाऱ्यांना दोन शब्द. कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे, त्या पुडीला हात लावू नका. इथिलीन वायूने, ठरलेल्या मर्यादेत, १६-१८ अंशांच्या खोलीत पिकवायला परवानगी आहे. आणि कच्चा माल १३ अंशांच्या खाली ठेवू नका. साल काळी पडते आणि तो नीट पिकतच नाही. झाडावर असो की खोलीत, केळीला थंडी सोसत नाही.

या आठवड्याचं काम

वाचून सोडून देऊ नका. वहीत चार ओळी लिहा.

१. माझ्या जागेत थंडी कधी सुरू होते, कधी संपते? गेल्या वर्षीच्या सगळ्यात गार पहाटा कोणत्या होत्या?

२. मेच्या शेवटच्या आठवड्यात माझ्याकडे रोज किती लिटर पाणी असतं? त्याला २० ने भागा. जो आकडा येईल त्यापेक्षा एकही झाड जास्त नको.

३. मला माल कोणत्या महिन्यात विकायचाय आणि कोणाला? त्या महिन्यापासून अकरा-बारा महिने मागे या. मध्ये निसवण थंडीत येत असेल तर महिना बदला.

४. फळ, पान-खांब, रोप की वेफर्स? एकच निवडा. पहिल्या वर्षी एकच.

आणि पैसे? पहिल्या वर्षी दहा झाडांपुरतेच. दहा झाडांच्या रोप-खताला एखाद्या साध्या मोबाइलपेक्षाही कमी पैसे लागतात. वर्षभरात ती तुम्हाला तुमची जमीन, तुमची थंडी आणि तुमचं गिऱ्हाईक तिन्ही शिकवतील. घड चांगले आले तर पुढच्या ऑक्टोबरला शंभर लावा. फसले तर दागिने घरातच राहतील.

गंगापूरच्या त्या मुलाने मार्चची रोपं घेतली नाहीत, एवढं मला कळलंय. आता तो विहिरीचं पाणी मोजतोय. तुम्हीही मोजा, आणि तुमचा आकडा मला कळवा. पुढच्या व्हिडिओत आपण खांब आणि पानांचा भाव ठरवायचा कसा, गुरुजी आणि केटररशी बोलायचं कसं, ते बघू. तोपर्यंत कामाला लागा!